वाजू दे

फोन वाजायला लागला तेव्हा मी लिफ्टमध्ये होते. आमच्या कचेरीच्या लिफ्टची एक भिंत काचेची आहे, त्यामुळे आतही रेंज राहते, आणि तिचा वेग असा की जिन्याने गेलेला माणूस वर पोचून, घाम पुसून, आपली वाट बघत उभा असतो. फोन पर्समध्ये, पर्स खांद्याला, आणि दोन्ही हातांत आजच्या वर्गासाठी गुंडाळून आणलेले मोठे कागद आणि जाड पेनांचा डबा. पण हात मोकळे असते तरी मी फोन उचलला नसता. ही वेळ पंपवाल्या काकांची. रोज सकाळी, मी घरी असताना नाहीतर कामावर निघाल्यावर, त्यांचा फोन एक-दोनदा वाजतो आणि कट होतो. तो उचलायचा नाही, असं आमचं ठरलेलं आहे. "फोन वाजतोय तुमचा," शेजारी उभा असलेला वरच्या मजल्यावरचा विमावाला म्हणाला. "वाजू दे," मी म्हणाले. "एवढं कोणावर रागावलात?" त्यानं विचारलं आणि लिफ्टमधले सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या मजल्यावर दोघं उतरली, एक बाई आत आली, दार मिटलं, फोन वाजतच होता. तिसरा मजला गेला. मग तो थांबला. कट केलेला फोन मध्येच तुटतो. हा तुटला नाही, वाजायचं तेवढं वाजून संपला. पंपवाले इतका वेळ कधीच वाजवत नाहीत.

पंपवाले माझ्या नात्यातले नव्हेत. लांबच्या एका दरीत वणवा येऊन गेला, त्यानंतर मी तिथल्या मदत केंद्रावर कामाला होते. केंद्र म्हणजे शाळेचा एक वर्ग. फळ्यावर अजून कोणा मुलीनं काढलेली गाय होती आणि ती पुसायला आमच्यापैकी कोणाचा हात धजावला नाही. कामाचं नाव 'घरभेट', भेट द्यायला घरं उरली नव्हती तरी. शाळेखालच्या मैदानात पत्र्याचे कंटेनर आणून ठेवले होते, दुपारी आत भट्टी आणि पहाटे बर्फ. त्यात लोक राहायचे आणि आम्ही दारोदार जाऊन कसं काय चाललंय विचारायचो. पहिल्या महिन्यात मला कळलं की या प्रश्नानं लोकांच्या नाकी नऊ आलेत. एक आजी मला बघितलं की ओरडायची, "बरी आहे, झोप लागते, रडत नाही, जा पुढं!" म्हणून मग सकाळची रिंग सुरू झाली. दरीत रिंग द्यायची सवय आधीपासूनच होती. बस सुटली, दूध आलं, जेवायला या, सगळं एकेका रिंगवर चालायचं, उचलून बोलायचं कोणाला सुचायचं नाही. तीच सवय आम्ही उचलली. जे एकटे राहतात त्यांनी उठल्यावर केंद्राला एक रिंग द्यायची. वाजलं म्हणजे माणूस ठीक. नाही वाजलं तर आम्ही धावत जायचं. फोन उचलायचा नाही, म्हणजे कोणाला सकाळी सकाळी आपलं दुःख सांगत बसावं लागणार नाही. लोकांना हे इतकं पटलं की आमच्या संस्थेच्या मोठ्या बाईंनी शहरातून माणसं बोलावून ते दाखवलं. वाजलं तर ठीक, नाही वाजलं तर धावा. वाजतच राहिलं तर काय करायचं, हे आम्ही कोणी ठरवलंच नाही.

पाचव्या मजल्यावर दार उघडलं. मी कागद भिंतीला टेकवले, फोन काढला, नंबर त्यांचाच होता, आणि उभ्या उभ्या पंपवाल्यांना फोन लावला. तो वाजला आणि वाजून संपला. पुन्हा लावला. त्याचा काही उपयोग नव्हता आणि ते मला माहीत होतं. पंपवाले रिंग देतात, पण वाजता फोन उचलत नाहीत. वणव्यापासून त्यांनी एकही फोन उचललेला नाही. कंटेनरमध्ये फोन वाजायला लागला की ते तो उशीखाली सरकवायचे आणि बाहेर जाऊन उभे राहायचे, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मला त्यांना काही सांगायचं असलं की मी उठून मैदान ओलांडून जायचे. आता मैदान होतं इथून गाडीनं निघालं तर दुपार उलटेल इतक्या लांब.

केंद्राची मुदत संपली. मुदत संपली की बंद कसं करायचं तेही आमच्यात शिकवलेलं असतं. आधीपासून सांगत राहायचं, मग निरोपाची भेट, मग हळूहळू हात सोडायचा. मी सगळ्यांना निरोपाच्या भेटी दिल्या. ओरडणाऱ्या आजीनं मला कवेत घेतलं आणि "आता तरी सुखानं राहू द्याल" म्हणाली. पंपवाल्यांनी निरोपाची भेट घेतलीच नाही. पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसून पाना पुसत त्यांनी विचारलं, "मी वाजवत राहिलो तर चालेल?" चालणार नव्हतं. तसा नियमच आहे, बंद म्हणजे बंद, नाहीतर माणूस आपल्या पायावर उभा राहत नाही. मी म्हणाले, "चालेल." आणि माझा स्वतःचा नंबर दिला. मग माझी शहरात बदली झाली, नव्या लोकांना शिकवायची नोकरी, पंखा-कूलर-काच. रोज सकाळी मी भांडी लावत असताना किंवा नवरा दाढी करत असताना फोन एकदोनदा वाजतो. "आला बघ तुझ्या पहिल्या नवऱ्याचा," तो आतून ओरडतो. एखाद्या दिवशी उशीर झाला तर दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर येतो आणि विचारतो, "आज वाजला नाही?" म्हणजे त्यालाही सवय लागली होती. मोठ्या बाईंना यातलं काही माहीत नव्हतं.

वर्गात गेले तेव्हा नवी मंडळी येऊन बसली होती. वय असं की चेहऱ्यावर अजून कसली रेघ नाही, सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या एकसारख्या. मी कागद फळ्यावर लावला आणि जाड पेनानं लिहिलं: 'मी समजू शकते, असं म्हणू नका.' त्याखाली: 'रडणाऱ्याला थांबवू नका.' त्याखाली: 'जे माहीत नाही त्याची खात्री देऊ नका.' हे लिहिताना माझं अक्षर दरवेळी चांगलं येतं, आज ते उतरत गेलं. फोन टेबलावर उपडा ठेवला होता. तोंडानं मी बोलत होते, ऐकणं म्हणजे काय, गप्प बसणं म्हणजे काय, समोरचा माणूस बोलायचा थांबला तर लगेच तिथं आपले शब्द कसे कोंबू नयेत, आणि माझे दोन्ही कान त्या उपड्या फोनकडे होते. खिडकीची काच वाऱ्यानं अधूनमधून थरथरत होती. कोरडा वारा होता, सकाळपासून. शहरात अशा वाऱ्यानं फार तर गच्चीवरचे कपडे उडतात. पण मी तिकडून आल्यापासून हा वारा सुटला की माझी जीभ कोरडी पडते आणि मी नकळत दारं मोजायला लागते. पंपवाल्यांनी आज का वाजवलं असेल इतका वेळ? पडले असतील. छातीत कळ आली असेल. हाताला फोन लागला, बटण दाबलं, आणि मग कट करायला ताकद उरली नसेल. आणि मी लिफ्टमध्ये हसत उभी. किंवा पडले नसतील, काही झालं नसेल, ठरवून केला असेल. हे दुसरं मला पहिल्यापेक्षा वाईट वाटत होतं. कारण तेव्हा मला आठवलं की आज त्यांचा कंटेनर न्यायला ट्रक येणार होता. मैदानातला तो शेवटचा कंटेनर. शाळेमागची खोली त्यांना दिलेली होती, रंगवून, नळ बसवून, सगळं करून. सगळे गेले, तेच जात नव्हते.

वणव्याच्या दिवसाची गोष्ट त्यांनी मला सांगितली ती माझ्याकडं पाठ फिरवून. केंद्राचा पाण्याचा पंप बिघडला होता आणि ते त्याच्यापुढं उकिडवे बसले होते. अख्ख्या दरीचे पंप त्यांनी दुरुस्त केलेले, म्हणून ते पंपवाले. वणवा आला त्या दिवशी गावानं पंप आणि पाण्याचा होजपाइप त्यांच्याच हातात दिला आणि त्यांना शाळेपाशी उभं केलं, कारण शाळेत माणसं जमली होती, बाया, पोरं, खाटेवर आणलेला एक म्हातारा. त्यांचं घर वर, चढावर. बायको वर होती. ती खाली येणारच होती, शेजाऱ्यांबरोबर. "कोट जाडा, हातमोजे जाडे," ते पंपाशी बोलावं तसं बोलत होते, "होजला दोन्ही हात लागतात. एक सोडला की तो उसळतो. आणि खिशात वाजायला लागला." वर घरात रेंज नव्हती, फक्त मागच्या पायरीवर उभं राहिलं की यायची. जेवण झालं की ती त्या पायरीवर येऊन एक रिंग द्यायची आणि ते हातातलं काम टाकून चढ चढायचे, इतक्या वर्षांत ते फोनवर एकमेकांशी कधी बोललेच नव्हते. "मला वाटलं, निघालो म्हणून सांगते. रिंग दिली, संपलं. पण ती वाजतच राहिली. मी म्हटलं, एवढी भिंत भिजवतो आणि बघतो." त्यांनी पाना नटावर बसवला, काढला, पुन्हा बसवला. शाळा वाचली. शाळेत जमलेलं एकेक माणूस वाचलं. शेजाऱ्यांना वाटलं ती आधीच खाली गेली. ती घरातून निघालीच नव्हती. "काय विचारायचं असेल तिला?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "माहीत नाही, काका." "रागावली असेल. वाजवून वाजवून." माझ्या तोंडाशी आलं होतं, सगळं आलं होतं, नाही हो काका, रागावेल कशी, पण मला शिकवलेलं होतं आणि ते खरंही होतं, मला काय माहीत? मी गप्प बसले. त्यांनी मान हलवली. "तुला कसं माहीत असणार," म्हणाले, आणि नट आवळला. नंतर कितीतरी दिवस मी स्वतःची पाठ थोपटत होते की मी नियम मोडला नाही.

"मॅडम?" पहिल्या रांगेतली एक मुलगी हात वर करून होती. बहुधा बराच वेळ. मी म्हणाले, पाच मिनिटं थांबा, आणि फोन घेऊन बाहेर आले. दरीत आता केंद्राचं कोणी नाही, पण दुकानवाली आहे. ती दुकान चालवते आणि सगळ्यांच्या खबरा बाळगते, वणव्यानंतर सगळ्यात आधी तिनंच पत्र्याखाली दुकान मांडलं. तिनं फोन उचलला आणि माझं नाव ऐकून आधी अर्धा श्वास मला शिव्या घालण्यात घालवला, "काय ताई, गेलात की विसरलात!" मी म्हणाले, "वहिनी, पंपवाले दिसले का आज?" तिचा आवाज लगेच उतरला. "नाही. ट्रकवाला येऊन बसलाय मगाचा माझ्याकडं, म्हणतोय माणूस जागेवर नाही, मी काय कंटेनर रिकामा करू? मला वाटलं तुमच्याकडं आलेत की काय. का हो?" मी म्हणाले, जरा बघून या. तिनं गल्ल्यावर कोणाला तरी बसवलं आणि स्कूटर काढली, फोन चालूच होता, खिशात घातलेला, मला वारा आणि स्कूटर ऐकू येत होती. मग दार. मग तिचा आवाज, "ताई, दार उघडंच आहे. पंखा चालू. चहा केलेला, कपात तसाच. मोटारसायकल इथं. चपला नाहीत." तिनं मागं जाऊन हाका मारल्या. मी म्हणाले, "टाकीकडे बघा." टाकी मैदानाच्या वरच्या अंगाला, खोल, कडेला लोखंडी जिना. मग ती म्हणाली, "जाते," आणि फोन कट झाला.

मोठ्या बाई कॉरिडॉरमधून येत होत्या. माझा चेहरा बघून थांबल्या. त्या वाईट नाहीत, मला हे सांगितलंच पाहिजे, त्यांनी मला नोकरीत उभं केलं, माझी आई आजारी असताना माझ्या वाटणीचे वर्ग घेतले. मी त्यांना सगळं सांगितलं, रोजची रिंग, माझा नंबर, लिफ्ट. त्यांनी ऐकून घेतलं, मान किंचित एका बाजूला करून, ज्या पद्धतीनं आम्ही सगळ्यांना ऐकायला शिकवतो. मग म्हणाल्या, "तू त्यांना सोडलंच नाहीस." मी म्हणाले, "हो." "आणि आता काही झालं तर ते तू आयुष्यभर वागवणार. म्हणून सोडायचं असतं. आपण जन्माला पुरत नाही कोणाला." त्या बरोबर बोलत होत्या आणि मला त्यांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. "वर्ग मी घेऊ?" त्यांनी विचारलं. का कोण जाणे, मी नको म्हणाले. वर्गात उभं राहिलं की निदान तोंड चालू राहतं. मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "वाजला होता ना सकाळी?" मी म्हणाले, वाजला, फार वाजला. तो म्हणाला, "मी गाडी घेऊन खाली येऊन थांबतो. तुला वाटलं तर उतर, नाहीतर मी आहे." या माणसाशी मी काल झाकण न लावलेल्या टूथपेस्टवरून कडाकडा भांडले होते.

वर्गात मघाची मुलगी तिचा प्रश्न घेऊन तयार होती. "मॅडम, त्यांनी जर आपल्याला विचारलं, माझी चूक झाली का, तर काय म्हणायचं?" सगळ्यांनी माना वर केल्या. "मला माहीत नाही, असं म्हणायचं," मी म्हणाले. "पण ते तर कठोर वाटेल." "वाटेल. पण तुम्ही 'नाही हो, तुमची काही चूक नाही' म्हणालात की त्यांचं बोलणं तिथंच संपतं. तुम्हाला त्यांचं ऐकवत नाही, म्हणून तुम्ही घाईघाईनं झाकण लावता. त्यांना ते कळतं." मुलीनं हे लिहून घेतलं. माझ्या मागं फळ्यावर माझंच अक्षर उतरत गेलेलं होतं आणि मी ते दाखवत होते. फोन टेबलावर होता, दुकानवालीचा फोन यायला हवा होता, टाकी काही लांब नाही. मला तो लोखंडी जिना दिसत होता, चौथी का पाचवी पायरी सैल असलेली, आणि खाली काळं पाणी. मी त्यांना दोघादोघांच्या जोड्या करायला लावल्या, एकानं बोलायचं, एकानं नुसतं ऐकायचं, आणि खोलीत एकदम सगळे बोलायला लागले. त्या गलबल्यात मी पुन्हा बाहेर आले आणि कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीपाशी जाऊन त्यांचा नंबर लावला.

तो वाजला. वाजून संपला. मी पुन्हा लावला. खाली रस्त्यावर आमची गाडी येऊन उभी राहिलेली दिसली, नवरा बाहेर उतरून वर बघत होता, त्याला माझी खिडकी कुठली ते माहीत नव्हतं. फोन कानाशी वाजत होता. पहिल्यांदा मी नुसती घाबरलेली होते, मनात म्हणत होते, काका, उचला, एकदा उचला. मग कधी कोण जाणे, ते बदललं. मला राग यायला लागला. इतका राग की मी काचेवर मूठ आपटली. काय समजता तुम्ही स्वतःला? एक माणूस इथं उभं राहून मरतंय आणि तुम्हाला बटण दाबता येत नाही? रोज वाजवायला येतं, उचलायला येत नाही? कोणी सांगितलं होतं मला यांच्या नादी लागायला, घर आहे, संसार आहे, आणि हा माणूस उशीखाली फोन सरकवून बाहेर उभा राहतो! मी त्यांना मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. नियम शिकवणारी मी, ऐकण्याचा वर्ग घेणारी. पुन्हा लावला. वाजत होता. प्रत्येक रिंग संपली की मधे एक पोकळी येते आणि त्या पोकळीत वाटतं, आता. मग पुढची वाजते. आणि त्यातल्या एका पोकळीनंतर पुढची वाजली नाही. वारा ऐकू आला. कोणीतरी श्वास घेत होतं.

"हं," पंपवाले म्हणाले.

मी तिथंच खिडकीच्या कट्ट्यावर बसले. ते उचलतील याची मी तयारीच केलेली नव्हती. "कोण?" त्यांनी विचारलं, जणू स्क्रीनवर माझं नाव दिसत नव्हतं, आणि मला कळलं की ते तिकडे बघतच नसणार, फोन नुसता कानाला लावून बसले असणार. "मी, काका." "हं. तूच असशील म्हटलं. मघापासून वाजतोय. बघत होतो. हात जाईना त्याच्याकडं." मी म्हणाले, "कुठं आहात?" "वर," ते म्हणाले. "घरी." घरी म्हणजे चढावर, जिथं आता जोतं आणि चुलीची एक भिंत आहे आणि मागची पायरी. "चालत आलो. आज ट्रक येणार, खोलीत जायचं, तर म्हटलं त्याआधी एकदा." लांबून कोणी बोंबलत चढ चढत होतं. "ती दुकानवाली येतेय बघ. चप्पल हातात घेऊन येतेय. टाकीत काय वाकून बघत होती मघाशी? तिला तू पाठवलंस?" "हो." "वेडी आहेस," ते म्हणाले. "आता तिला चहा पाजावा लागणार." मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही, पण बाजूनं जाणारा शिपाई थबकून पुढं गेला. माझा राग गेला नव्हता. तो तसाच होता आणि त्यावर हे दुसरं येऊन बसलं होतं.

"इथूनच केला होता सकाळी," ते म्हणाले. "पायरीवरून. तिच्या जागी उभं राहून. मला बघायचं होतं, किती वेळ वाजतं ते. मी त्या बाजूला होतो ना, मला वाजलेलं तेवढं माहीत. या बाजूनं कसं असतं ते नव्हतं माहीत." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "फार वेळ वाजतं गं," ते म्हणाले. वारा आमच्या मधून गेला. दुकानवालीचा आवाज आता जवळ आला होता, ती "अहो!" म्हणत होती, "अहो, जीव घ्याल का माझा!" आणि त्यांनी बहुधा तिला हातानं थांबवलं, कारण ती एकदम गप्प झाली. "मी उचलायला हवा होता, काका," मी म्हणाले. "मला वाटलं रोजचंच आहे." "नाही, नाही. ऐक. उचलला असतास तर मला कळलंच नसतं. मी इथं उभा, वाजतंय. आधी वाटलं, आता उचलेल. मग वाटलं, का उचलत नाही. आणि मग वाटलं, कामात असेल पोरगी." मघापासून ते माझ्याशी बोलत होते, पण आता त्यांचा आवाज पंपाशी बोलायचे तसा खाली गेला. "एवढंच वाटलं. राग नाही आला मला तुझा. मी वाट बघत होतो राग येण्याची. आलाच नाही. कामात असेल, एवढंच."

खिडकीतून खाली नवरा दिसत होता, गाडीला टेकलेला. वर्गाचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून त्या सगळ्यांच्या बोलण्याचा गलबला येत होता, त्यांच्यापुढं फळ्यावर माझं अक्षर.

"तिलाही एवढंच वाटलं असेल ना?" पंपवाल्यांनी विचारलं.

काचेवर मी मूठ आपटली होती तिथं हाताचा ओला ठसा अजून होता. वाजणाऱ्या फोनच्या या बाजूला उभं राहून माणसाच्या मनात काय काय येतं ते मला माहीत होतं, थोड्या वेळापूर्वीच माहीत झालं होतं, आणि त्या दिवशी त्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईच्या मनात काय आलं ते मला माहीत नव्हतं, कोणालाच माहीत नव्हतं.

"हो, काका," मी म्हणाले. "एवढंच वाटलं असेल."